ल्युब्ल्याना पाहायचे तर: तीन रात्रींच्या मुक्कामाचे नियोजन

युरोपच्या सहलीला जाणाऱ्या आपल्याकडच्या पर्यटकांना स्लोवेनियाची राजधानी सहसा बसच्या खिडकीतून दिसते. व्हेनिसहून ब्लेडच्या तळ्याकडे जाताना गाडी दोन तास थांबते. तीन पुलांवर छायाचित्रे निघतात, ड्रॅगनच्या पुतळ्याशेजारी मुलांना उभे केले जाते, कोणी आइस्क्रीम घेते आणि गट पुढे निघतो. जेमतेम तीन लाख वस्तीच्या शहराला याहून जास्त वेळ कशाला द्यायचा, असा हिशेब त्यामागे असतो. हा हिशेब चुकीचा आहे. शहर लहान असल्यामुळेच येथे बस, मेट्रो आणि रांगांमध्ये वेळ वाया जात नाही. हाताशी असलेला सगळा वेळ पाहण्यात जातो. त्यामुळे तीन रात्री राहायचे आहे असे धरूनच पुढील मजकूर लिहिला आहे. तीन दिवस शहरासाठी आणि चौथा ब्लेडसाठी.

प्रथम नावाविषयी. उच्चार ‘ल्युब्ल्याना’ असा करावा. स्लोवेनियन लिपीत जे अक्षर इंग्रजी ‘जे’सारखे दिसते, त्याचा उच्चार ‘य’ होतो. नावाची व्युत्पत्ती विद्वानांमध्ये वादग्रस्त आहे, परंतु स्थानिक लोक ते ‘ल्युब्ल्येना’, म्हणजे ‘प्रिय’, या शब्दाशी हौसेने जोडतात. त्या शब्दाचा धातू आणि संस्कृतातील ‘लुभ्’ हे एकाच भाषाकुळातले सख्खे नातेवाईक आहेत. पत्राच्या शेवटी ‘लोभ असावा’ असे लिहिणाऱ्यांना हे गाव त्या अर्थाने अगदीच परके नाही.

व्हिसा आणि पोहोचण्याचा मार्ग

स्लोवेनिया 2004 साली युरोपीय संघात आला, 2007 च्या आरंभी त्याने युरो हे चलन स्वीकारले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस तो शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, सामील झाला. त्यामुळे भारतीय पासपोर्टधारकाला शेंगेन व्हिसा लागतो. अर्ज कोणत्या देशाकडे करायचा याचा नियम सोपा असला तरी अनेकांचा घोटाळा येथेच होतो: ज्या देशात सर्वाधिक रात्री राहणार त्या देशाकडे अर्ज करावा, आणि दोन देशांतील मुक्काम सारखाच असेल तर ज्या देशातून शेंगेनमध्ये प्रथम पाऊल टाकणार त्या देशाकडे. इटलीत पाच रात्री आणि ल्युब्ल्यानात तीन, अशी आखणी असेल तर अर्ज इटलीकडेच जातो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी करावा लागतो. प्रत्यक्षात उन्हाळी सुट्टीच्या हंगामात अर्जाची वेळ मिळवण्यातच आठवडे जातात, म्हणून दोन-तीन महिन्यांची ऐसपैस मुदत ठेवावी. किमान 30,000 युरोंचे वैद्यकीय विमासंरक्षण असलेली प्रवासी विम्याची पॉलिसी अर्जासोबत जोडावी लागते.

भारतातून ल्युब्ल्यानाला थेट विमान नाही. शहराचा विमानतळ उत्तरेला सुमारे 25 किलोमीटरवर ब्रनिक येथे आहे. तो छोटा आणि सुटसुटीत आहे, पण तेथे येणारी विमाने मोजकी आहेत. बहुतेकांना व्हिएन्ना, व्हेनिस किंवा झाग्रेबपर्यंत विमानाने येऊन पुढे बस अथवा रेल्वेने जाणे परवडते. झाग्रेबहून अंतर सुमारे 140 किलोमीटर आहे, म्हणजे अडीच तासांच्या आत पोहोचता येते. व्हिएन्नाहून रेल्वेने जायचे तर साधारण सहा तास लागतात, पण वाटेतला ऑस्ट्रियातील सेमेरिंगचा घाट दिवसाउजेडी पाहायला मिळावा म्हणून सकाळची गाडी घ्यावी. क्रोएशियाही 2023 पासून शेंगेनमध्ये असल्याने सीमा कागदावर खुल्या आहेत. तरीही अलीकडे सीमांवर तपासणी पुन्हा सुरू झालेली आहे. पासपोर्ट सामानाच्या पेटीत न टाकता अंगाशीच ठेवावा.

कोणत्या वारी पोहोचावे

या शहरासाठी मुहूर्तापेक्षा वार महत्त्वाचा आहे, आणि बहुतेक मार्गदर्शिका नेमके हेच सांगायचे विसरतात. शुक्रवारी सकाळी पोहोचणे उत्तम. मार्चच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत दर शुक्रवारी कॅथेड्रलशेजारच्या पोगाचार चौकात ‘ओद्प्रता कुह्ना’, म्हणजे ‘उघडे स्वयंपाकघर’, भरते. शहरातली उपाहारगृहे तेथे आपापली चूल मांडतात आणि एका जेवणात पाच ठिकाणचे पदार्थ चाखता येतात. पाऊस असेल तर मात्र ते भरत नाही, आणि येथे पाऊस भरपूर पडतो. शनिवारी सकाळी भाजीबाजार सर्वांत बहरात असतो. रविवारी बाजार बंद असतो आणि 2020 अखेरच्या कायद्यामुळे जवळपास सगळी दुकानेही बंद असतात, त्यामुळे दूध, फळे, बिस्किटे यांची बेगमी शनिवारीच करून ठेवावी. संग्रहालये मात्र रविवारी उघडी असतात. त्यांची सुट्टी सोमवारी. म्हणून शुक्रवारी नदीकाठ आणि किल्ला, शनिवारी बाजार आणि वास्तुविशारद प्लेच्निकच्या वास्तू, रविवारी संग्रहालय आणि उद्यान, सोमवारी ब्लेड, असा क्रम लावला की एकही बंद दार पाहावे लागत नाही. पहिल्या भेटीत मी नेमका रविवारी दुपारी पोहोचलो होतो आणि रात्रीचे जेवण पेट्रोल पंपावरच्या सँडविचवर भागवले होते.

महिन्यांचे म्हणाल तर मे, जून आणि सप्टेंबर. जुलै-ऑगस्टमध्ये गर्दी असते आणि दुपारनंतर विजांच्या कडकडाटासह सरी कोसळतात. नोव्हेंबरपासून या खोलगट प्रदेशात धुके दिवसदिवस हटत नाही. डिसेंबरातली रोषणाई सुंदर असली तरी किल्ल्यावरून आल्प्स दिसतील या आशेने त्या दिवसांत जाऊ नये.

मुक्काम आणि फिरणे

बसस्थानक आणि रेल्वेस्थानक एकमेकांना लागूनच आहेत आणि तेथून जुन्या शहरापर्यंत पायी पंधरा मिनिटे लागतात. या पट्ट्यात कोठेही राहावे. जुन्या शहराच्या मधोमध खोली घ्यायची असेल तर दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात: तेथे 2007 पासून मोटारी टप्प्याटप्प्याने बंद करण्यात आल्या असल्याने टॅक्सी दारापर्यंत येत नाही, आणि चाकांची बॅग दगडी फरसबंदीवर फार खडखडते. वयस्कर माणसे सोबत असतील तर ‘कवालिर’ या नावाच्या विजेच्या छोट्या गाड्यांची आठवण ठेवावी. पालिका त्या पादचारी भागात विनामूल्य चालवते आणि दूरध्वनी करून बोलावता येतात. मुक्कामाच्या भाड्याखेरीज दर माणशी, दर रात्रीचा पर्यटन कर द्यावा लागतो. तो बहुधा निघताना वेगळा मागितला जातो, तेव्हा फसवणूक झाली असे वाटून वाद घालू नये.

शहर बसमध्ये रोख पैसे घेतले जात नाहीत. ‘उर्बाना’ नावाचे हिरवे कार्ड विकत घेऊन त्यात पैसे भरावे. एकदा भाडे दिले की 90 मिनिटांपर्यंत बस बदलता येते. खरे तर शहर पाहताना बसची गरज क्वचितच पडते. त्यापेक्षा ‘बित्सिकेल्य’ या सार्वजनिक सायकल योजनेत नाव नोंदवावे, कारण दर फेरीचा पहिला तास फुकट असतो आणि शहर असे आहे की एका तासात सायकल कोठूनही कोठेही पोहोचते. किल्ला, संग्रहालये आणि नदीतली नौका हे सगळे करायचे असेल तर 24, 48 किंवा 72 तासांचे पर्यटक कार्ड स्वस्त पडते. नुसते भटकायचे असेल तर ते घेऊ नये.

नदीकाठचा दिवस

सुरुवात प्रेशेरेन चौकातून करावी. मध्यभागी फ्रान्से प्रेशेरेन या कवीचा पुतळा आहे. राजधानीच्या मुख्य चौकात राजा नाही, सेनापती नाही, कवी आहे, हे आधी नीट पाहून घ्यावे. हा पुतळा 1905 साली बसवला तेव्हा कवीच्या मस्तकावर डहाळी धरणारी काव्यदेवता विवस्त्र असल्याने आणि समोरच फ्रान्सिस्कन चर्च असल्याने मोठा गहजब झाला होता. आता कवीच्या नजरेच्या दिशेने वळावे. वोल्फ रस्त्यावरच्या एका पिवळसर घराच्या भिंतीवर, खिडकीच्या चौकटीत, एका तरुणीचे छोटे शिल्प दिसेल. ती युलिया प्रिमिच, श्रीमंत व्यापाऱ्याची मुलगी. कवीने तिच्यावर कविता लिहिल्या, तिने दुसऱ्याशी लग्न केले. कवी 8 फेब्रुवारी 1849 रोजी वारला. तो दिवस स्लोवेनियात सार्वजनिक सुट्टीचा असून त्या दिवशी बहुतेक संग्रहालयांत विनामूल्य प्रवेश असतो. त्याच्या ‘ज्द्राव्लित्सा’ या कवितेचे सातवे कडवे आज देशाचे राष्ट्रगीत आहे, आणि ती कविता मुळात मद्याचा पेला उंचावून केलेले शुभचिंतन आहे. सर्व राष्ट्रे सुखाने नांदोत, असे ते कडवे म्हणते. सुट्ट्या पैशांत स्लोवेनियाचे दोन युरोंचे नाणे आले तर त्यावर याच कवीची मुद्रा आणि याच ओळीचे शब्द सापडतील.

चौकातून नदीपलीकडे नेणारे तीन पूल, म्हणजे ‘त्रोमोस्तोव्ये’, पाहताना प्रश्न पडतो की शेजारी शेजारी तीन कशासाठी. मधला दगडी पूल 1842 चा आहे. वाहतूक वाढल्यावर तो पाडून रुंद करणे हा सरळ उपाय होता; वास्तुविशारद योझे प्लेच्निक यांनी तो तसाच ठेवून दोन्ही अंगांना पादचाऱ्यांसाठी किंचित तिरपे दोन पूल जोडले आणि तिघांना एकाच घडणीचे कठडे दिले. हे काम 1932 मध्ये पूर्ण झाले. आज मधल्या पुलावरूनही मोटारी जात नाहीत. बाजूच्या पुलांवरून खाली नदीच्या पातळीवर जाणारे जिने आहेत. बहुतेक पर्यटक तिकडे फिरकत नाहीत, पण पुलाची रचना तेथूनच नीट कळते.

पुढे नदीला धरून बाजाराची स्तंभावली जाते, तीही प्लेच्निक यांचीच. तिच्या दुसऱ्या टोकाला ड्रॅगन पूल आहे. 1895 च्या एप्रिलमधील भूकंपाने शहराचे अतोनात नुकसान झाले, आणि त्यानंतरच्या पुनर्बांधणीत जुन्या लाकडी पुलाच्या जागी 1901 साली हा सलोह काँक्रीटचा पूल उभा राहिला. चार कोपऱ्यांवरचे चार हिरवे ड्रॅगन एवढे देखणे आहेत की त्या काळी काँक्रीटचा पूल ही नवलाई होती, याकडे कोणाचे लक्षच जात नाही.

किल्ल्यावर जाण्यासाठी क्रेक चौकातून काचेची डोंगरगाडी आहे, जी 2006 मध्ये सुरू झाली आणि मिनिटाभरात वर नेते. गुडघे साथ देत असतील तर चढताना पायवाट धरावी. सावलीतून वीस मिनिटे लागतात. किल्ल्याच्या अंगणात जायला पैसे पडत नाहीत, तिकीट मनोऱ्याला आणि प्रदर्शनांना आहे. आपल्याकडचे गडकिल्ले पाहिलेल्या माणसाला या तटबंदीचे फार कौतुक वाटणार नाही, हे स्पष्टच सांगतो; येथे यायचे ते मनोऱ्यावरून उत्तरेकडचे आल्प्स पाहण्यासाठी. हेच दृश्य मनोऱ्याच्या तिकिटाविना पाहायचे असेल तर नदीपलीकडच्या ‘नेबोतिच्निक’ या 1933 सालच्या तेरा मजली इमारतीच्या गच्चीवरील कॅफेत कॉफी घ्यावी. तेथून तर किल्लाही दृश्यात येतो.

प्लेच्निकचे शहर

एकाच माणसाची छाप एवढी ठळकपणे पडलेली राजधानी मी दुसरी पाहिलेली नाही. प्लेच्निक (1872–1957) व्हिएन्नात वास्तुविशारद ऑटो वाग्नर यांच्याकडे शिकले, प्राग किल्ल्याचे काम त्यांनी केले आणि 1921 पासून अखेरपर्यंत ते ल्युब्ल्यानातच राहिले. त्यांच्या येथील कामांना 2021 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले.

शनिवारी बाजार आटोपून राष्ट्रीय ग्रंथालयाकडे जावे. लाल विटा आणि ओबडधोबड दगड यांनी भरलेली बाहेरची भिंत पाहून मुख्य दरवाजाशी थांबावे आणि मूठ हातात घ्यावी: ती घोड्याच्या मस्तकाच्या आकाराची आहे. आत गेल्यावर काळसर संगमरवराच्या 32 खांबांमधून जिना वर चढतो. प्रकाश मुद्दाम कमी ठेवलेला आहे, आणि पायऱ्या संपतात तेथे उंच खिडक्यांचा उजेड सामोरा येतो. अज्ञानाच्या अंधारातून ज्ञानाच्या प्रकाशाकडे, अशी ती कल्पना आहे. ‘तमसो मा ज्योतिर्गमय’ लहानपणी पाठ केलेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. वाचनकक्ष विद्यार्थ्यांसाठी असून पर्यटकांना ठरावीक वेळीच प्रवेश मिळतो. तेथे कुजबुजसुद्धा करू नये.

त्रनोवो भागातील त्यांचे घर मार्गदर्शकासोबत छोट्या गटांनीच पाहता येते, म्हणून वेळ आधी राखून ठेवावी. त्यांनी स्वतः घडवलेले सामान, आरेखनाची साधने आणि गोलाकार खोलीतले कामाचे मेज जागच्या जागी आहे. शहर घडवणारा माणूस किती साधेपणाने राहत होता हे तेथे दिसते. बाहेर पडल्यावर खिशातले स्लोवेनियाचे दहा सेंटचे नाणे काढून पाहावे. त्यावरची शंकूच्या आकाराची इमारत म्हणजे प्लेच्निक यांनी योजलेले आणि कधीच न बांधले गेलेले संसद भवन.

रविवारचे चाक

वेळ कमी असेल तर बाकी संग्रहालये सोडावीत, पण गोस्पोस्का रस्त्यावरील नगर संग्रहालय सोडू नये. शहराच्या दक्षिणेला पसरलेल्या दलदलीत 2002 साली एक लाकडी चाक आणि त्याचा आस सापडला. वय पाच हजार वर्षांहून अधिक. आजवर आस-चाक अशा जोडीने मिळालेल्या लाकडी चाकांत हे सर्वांत जुन्यांपैकी मानले जाते. चाक अॅश वृक्षाच्या दोन फळ्या जोडून केलेले, व्यास सुमारे 72 सेंटिमीटर, आस ओकचा. जवळ जाऊन मधले भोक पाहावे. ते गोल नसून चौकोनी आहे. आपल्या बैलगाडीत आस स्थिर राहतो आणि चाक त्याभोवती फिरते. येथे आस चाकात घट्ट बसवलेला असून दोन्ही एकत्र फिरत. दलदलीत हवा पोहोचत नसल्यामुळे लाकूड कुजले नाही, एवढ्या साध्या कारणाने ते आज आपल्यासमोर आहे. दुपारनंतर तिवोली उद्यानात पाय मोकळे करावेत आणि संध्याकाळी मेटेल्कोवाला जावे. युगोस्लाव्ह लष्कराच्या या बराकींवर 1993 मध्ये कलावंतांनी ताबा मिळवला आणि शेजारच्या लष्करी तुरुंगाचे पुढे वसतिगृह झाले. भिंतींवरची चित्रे दिवसाही पाहता येतात; रात्री तेथे तरुणांचा गोंगाट असतो.

खाणे आणि चार शब्द

शाकाहारी माणसाची येथे उपासमार होत नाही, पण विचारल्याशिवाय ताटाला हात लावू नये. ‘श्त्रुक्ली’ या उकडलेल्या गुंडाळ्यांत ताजे चीज, अक्रोड किंवा सफरचंद असते आणि ते बहुधा निर्धोक असतात. मात्र पिठात अंडे असते. ‘पोतित्सा’ हा अक्रोडाचे सारण भरून गुंडाळलेला गोड पाव सणाचा पदार्थ आहे. ज्याला आपल्याकडे कुट्टू म्हणतात ते धान्य येथे ‘आय्दा’ या नावाने रोजच्या जेवणात असते. ‘योता’ ही आंबवलेल्या कोबीची आणि घेवड्याची आमटी ऐकायला शाकाहारी वाटते, पण तिच्यात डुकराचे मांस घालण्याची पद्धत आहे. ‘गोव्येया युहा’ म्हणजे गोमांसाचे सूप. घोड्याचे मांसही येथे आवडीने खाल्ले जाते, तेव्हा यादीत ‘कोन्य’ हा शब्द दिसल्यास समजून घ्यावे. ‘ब्रेझ मेसा’, म्हणजे मांसाविना, हे दोन शब्द पाठ करून जावेत. नळाचे पाणी उत्तम असते. बाटल्या विकत घेऊ नयेत.

इंग्रजी बहुतेक सर्वांना येते. तरीही ‘दोबेर दान’ म्हणून दुकानात शिरावे आणि ‘ह्वाला’ म्हणून निघावे. स्लोवेनियन भाषेने द्विवचन अजून टिकवून ठेवले आहे. संस्कृतातले जे द्विवचन मराठीने केव्हाच सोडले आणि शाळेत रूपे पाठ करताना ज्याचा आपण राग राग केला, ते येथे उपाहारगृहात रोज वापरले जाते. एक कॉफी ‘एना कावा’, तीन कॉफी ‘त्री कावे’, पण दोन असतील तर ‘द्वे कावी’. जोडीने गेलात तर ‘द्वे कावी, प्रोसिम’ असे मागून पाहावे. वाढणाऱ्याच्या चेहऱ्यावर लगेच फरक पडतो.

सोमवारी ब्लेड

ब्लेडला रेल्वेपेक्षा बसने जावे. रेल्वे ‘लेस्त्से-ब्लेड’ स्थानकावर उतरवते आणि तेथून तळे सुमारे चार किलोमीटर दूर असल्याने पुन्हा बस धरावी लागते. ल्युब्ल्यानाच्या बसस्थानकावरून सुटणारी बस मात्र सव्वा तासात तळ्याजवळ आणून सोडते. सकाळी आठच्या आत निघावे, कारण दहानंतर पर्यटकांच्या बसगाड्या येऊ लागतात. तळ्याभोवतीची वाट साधारण सहा किलोमीटरची आणि सपाट आहे. ती घड्याळाच्या उलट दिशेने चालली की किल्ल्याचा कडा मागे पडतो आणि बेट हळूहळू जवळ येते. बेटावर ‘प्लेत्ना’ या छताच्या लाकडी नावेने जाता येते आणि तेथे चर्चपर्यंत 99 पायऱ्या आहेत. ज्यांना पाण्यापेक्षा गुहेचे आकर्षण आहे त्यांनी त्याऐवजी तासाभराच्या रेल्वेप्रवासाने पोस्टोयनाला जावे. गुहेत बारा महिने दहा अंश तापमान असते, म्हणून ऐन जुलैतही स्वेटर न्यावा.

परतीची शेवटची बस किती वाजता आहे हे ब्लेडला उतरताच थांब्यावर पाहून घ्यावे आणि त्या वेळापत्रकाचे मोबाइलवर छायाचित्र काढून ठेवावे.